धाकटी आली म्हणून थोरली: मिजेट आणि स्प्रिंट कार

एक जुना कृष्णधवल फोटो डोळ्यांसमोर आणा. गाडीला छप्पर नाही, दारं नाहीत, मडगार्ड नाहीत. पुढे गोलसर नाक, मागे निमुळती शेपटी, चारही चाकं उघडी. चालकाच्या डोक्यावर वाटीसारखं हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, अंगात साधा टीशर्ट. गाडी डावीकडे वळतेय, पण पुढची चाकं उजवीकडे फिरवलेली, आणि मागे धुळीचा लोट. खाली ओळ: ‘स्प्रिंट कार, अमेरिका, १९४८’.

ही ओळ पुष्कळदा चुकीची असते. फोटोतली गाडी मिजेट असते, म्हणजे स्प्रिंट कारहून लहान, वेगळ्या जातीची शर्यतीची गाडी. मीही बरीच वर्षं दोन्ही एकच समजत होतो, आणि मिजेट म्हणजे स्प्रिंट कारची लहान नक्कल असं मानून मोकळा झालो होतो. खरा घोळ नावातच आहे. तिथूनच सुरुवात केलेली बरी.

घरात दुसरं मूल येईपर्यंत पहिल्याला कोणी थोरला म्हणत नाही. इथे तसंच झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून अमेरिकेत मातीच्या लंबगोल धावपट्टीवर ज्या गाड्या पळायच्या, त्या नुसत्या ‘रेस कार’ होत्या. मग १९३३ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या ह्यूज स्टेडियमवर छोट्या गाड्यांची पहिली रीतसर शर्यत झाली. वर्षभरात लॉस एंजेलिसमध्ये खास या गाड्यांसाठी गिलमोर स्टेडियम उभं राहिलं. छोटीला ‘मिजेट’ म्हणायला लागल्यावर जुनीला काहीतरी म्हणणं भाग पडलं, म्हणून ती झाली ‘बिग कार’. ‘स्प्रिंट कार’ हे नाव रूढ झालं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. म्हणजे वस्तू जुनी, नाव नवं. १९३६ सालच्या गाडीला कोणी स्प्रिंट कार म्हटलं तर चूक नाही, पण त्या काळी तो शब्द कोणाच्या तोंडी नव्हता. (‘मिजेट’ हा शब्द ठेंगण्या माणसासाठी वापरणं आज इंग्रजीत अपमानास्पद मानतात. गाडीला मात्र तो चिकटला तो चिकटलाच.)

आता मापं. अमेरिकन लोक इंचांत आणि पौंडांत बोलतात, त्यातून आपल्याला काही बोध होत नाही. त्यापेक्षा मारुती ८०० घ्या. तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २१७५ मिलिमीटर, म्हणजे साडेपंच्याऐंशी इंचांच्या आसपास. स्प्रिंट कारचं हेच अंतर साधारण ८४ ते ९० इंच भरतं. वजनही त्याच घरातलं: आजच्या मोठ्या स्प्रिंट कारचं वजन चालकासकट साधारण १४०० पौंड, म्हणजे सुमारे ६३५ किलो भरतं. फरक एवढाच की मारुतीचं इंजिन चाळिसेक हॉर्सपॉवरचं आणि हिचं नऊशेच्या घरातलं. मिजेटमध्ये हे अंतर ७६ इंचांच्या वर जात नाही, म्हणजे आपल्या ऑटोरिक्षाच्या जवळपास.

फोटोत टेप लावता येत नाही, म्हणून माणसाकडे बघायचं. मिजेटमध्ये चालक गाडीत बसल्यासारखा वाटत नाही, गाडी अंगात घातल्यासारखी वाटते. खांदे बाहेर, कोपर बाहेर, स्टिअरिंग छातीला टेकेल इतकं जवळ. जुन्या स्प्रिंट कारमध्येही तो ताठच बसतो, दोन पायांमधून प्रोपेलर शाफ्ट गेलेला असतो, पण त्याच्यापुढे बॉनेट लांब पसरलेलं दिसतं आणि चाकं मोठी असतात. मिजेटची चाकं खेळण्यातली वाटावीत इतकी छोटी.

धावपट्टी कुठली आहे यावरूनही पुष्कळ कळतं. अमेरिकेत गावोगावी शेतकऱ्यांची वार्षिक जत्रा भरते, आणि जत्रेच्या मैदानावर घोड्यांच्या शर्यतीसाठी अर्ध्या मैलाचा लंबगोल मार्ग असायचा. लाकडी प्रेक्षागृह तयार, माती तयार. घोड्यांच्या जागी गाड्या आल्या इतकंच. स्प्रिंट कार ही या जत्रेची लेक. आयोवा राज्यातलं नॉक्सव्हिल, जिथे १९६१ पासून नॉक्सव्हिल नॅशनल्स ही स्प्रिंट कारची मोठी शर्यत भरते, ते आजही जत्रेचंच मैदान आहे. पेनसिल्व्हेनियाच्या रेडिंगला जत्रेच्या मैदानावर टॉमी हिनरशिट्झ धावायचा. हा गडी खरोखरचा शेतकरी. त्याला ‘फ्लाइंग फार्मर’ म्हणायचे, आणि पूर्वेकडची स्प्रिंट स्पर्धा त्याने सात वेळा जिंकली. मिजेट मात्र शहरातली. पाव मैल, पंचमांश मैल एवढी जागा पुरते, त्यामुळे फुटबॉलच्या मैदानाभोवती, सायकल शर्यतीच्या लाकडी रिंगणात, अगदी छपराखालीसुद्धा ती पळाली. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात १९८७ पासून दर जानेवारीत प्रदर्शनाच्या बंदिस्त हॉलमध्ये ट्रकांनी माती आणून ओततात आणि ‘चिली बोल’ नावाची मिजेटची शर्यत लावतात.

ती मातीही एकदा जवळून बघण्यासारखी असते. कुस्तीच्या हौद्यातली माती जशी निगुतीने तयार करतात, तशीच इथली. दिवसभर टँकरने पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. संध्याकाळी ती चिकट आणि काळी असते, टायर तिला धरून बसतं. रात्र चढते तशी ती वाळते, आतली बाजू सिमेंटसारखी गुळगुळीत होते आणि बाहेरच्या कडेला भुसभुशीत मातीचा बांध साठतो. त्या बांधाला मागचं उजवं चाक टेकवून वळण काढणं हे खरं कसब, आणि ते दोन्ही गाड्यांत लागतं.

इंजिनावरून ओळखू म्हणाल, तर तिथे सगळ्यात मोठा चकवा आहे. जुन्या फोटोखाली ‘ऑफी’ असं लिहिलेलं दिसलं की लोक खुशाल निकाल देऊन टाकतात. पण ऑफी, म्हणजे ऑफेनहाउझर, दोघींनाही होतं.

हॅरी मिलर हा लॉस एंजेलिसचा कल्पक माणूस, लिओ गूसेन त्याचा आराखडे काढणारा, आणि फ्रेड ऑफेनहाउझर त्याच्या कारखान्यातला मुख्य कारागीर. मिलरचं दिवाळं १९३३ मध्ये वाजलं. ऑफेनहाउझरने साचे आणि यंत्रं घेतली आणि चार सिलिंडरचं तेच इंजिन पुढे चालवलं. त्यात ब्लॉक आणि हेड एकाच ओतीव तुकड्यात असतं. हेड वेगळं नाहीच, म्हणून हेड गॅस्केटही नाही. आपल्याकडच्या कुठल्याही गॅरेजमध्ये हे सांगून बघा, मिस्त्री आधी खूश होईल (गॅस्केट उडायची भानगड मिटली) आणि मग कपाळाला हात लावेल, कारण व्हॉल्व्हचं काम करायचं तर खालून, सिलिंडरच्या भोकातून हात घालायला लागतो. या इंजिनाचं मोठं रूप २२० घनइंच, म्हणजे ३.६ लिटर, ते बिग कारमध्ये जायचं. त्याहून मोठी रूपं इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत पळाली. आणि १९३० च्या दशकाच्या मध्यात गूसेनच्याच कागदावरून एक पिल्लू जन्मलं: ९७ घनइंच, जेमतेम १.६ लिटर. ते मिजेटचं ऑफी. नाव एक, वळण एक, कारखाना एक. आकार निम्म्याहून कमी.

ज्यांना ऑफी परवडत नसे ते फोर्डचं छोटं व्ही-एट (दोन ओळींत आठ सिलिंडर) लावायचे. ते १९३७ मध्ये निघालं, कारखान्यातून साठ हॉर्सपॉवरचं यायचं, म्हणून त्याचं नाव ‘सिक्स्टी’. युद्धानंतर फ्रँक कर्टिसने नळ्यांच्या सांगाड्याच्या मिजेट शेकड्यांनी बनवल्या, काही तयार, काही सुट्या भागांच्या संचात, आणि त्यांत गिऱ्हाईक खिशाप्रमाणे ऑफी किंवा सिक्स्टी बसवून घेई. थोरलीकडे तर जुगाडाला सुमारच नव्हता. पहिल्या महायुद्धातलं हिस्पानो-सुइझा कंपनीचं विमानाचं व्ही-एट इंजिन मिळालं तर त्याची एकच ओळ घेऊन चार सिलिंडरचं इंजिन बनवायचे. त्याला ‘हिसो’ म्हणत. गंमत अशी की काही दशकांनी धाकटीनेही तेच केलं: शेव्हरोले व्ही-एट अर्धं कापून ‘सेस्को’ नावाचं चार सिलिंडरचं इंजिन निघालं, आणि ते मिजेटमध्ये बसलं.

थोरलीच्या ऑफीचा अंत शेव्हरोलेच्याच हातून झाला. १९५५ मध्ये आलेलं छोटं शेव्हरोले व्ही-एट रोजच्या घरगुती गाडीतलं होतं, अपघातात गेलेल्या गाडीतून काढून आणता येत होतं. पार्नेली जोन्स या चालकाने १९६० मध्ये एका प्लंबिंगवाल्याच्या, शेव्हरोले इंजिन बसवलेल्या स्प्रिंट कारमध्ये मिडवेस्टचं (मध्य-पश्चिम अमेरिकेचं) स्प्रिंट विजेतेपद घेतलं, आणि कारागिरांच्या हातचं महागडं इंजिन घेऊन बसलेल्या मालकांना हिशेब नव्याने मांडावा लागला. मिजेटमध्ये मात्र ते चिमुकलं ऑफी पुढेही बरीच वर्षं टिकून राहिलं.

एवढ्याशा इंजिनाच्या गाडीचा दिमाख केवढा असावा, याचा किस्सा रॉजर वॉर्डचा. १९५९ साली त्याने इंडियानापोलिस ५०० जिंकली. जुलैमध्ये कनेक्टिकटच्या लाइम रॉकवर सगळ्या प्रकारच्या गाड्यांना खुली शर्यत होती. तिथे हा पठ्ठ्या मातीवरची मिजेट घेऊन गेला आणि युरोपातल्या नामांकित रेसिंग गाड्यांच्या नाकावर टिच्चून जिंकला. लाइम रॉक छोटी, वळणावळणाची, म्हणून ते जमलं. पण डोक्यात हवा गेली. डिसेंबरमध्ये त्याने तीच जातकुळी फ्लोरिडातल्या सेब्रिंगला, चक्क फॉर्म्युला वनच्या अमेरिकन ग्रां प्रीला नेली. तिथे विमानतळाच्या लांबच लांब सरळ धावपट्ट्या. स्टर्लिंग मॉसने सरावात ३ मिनिटांत फेरी मारली; वॉर्डला ३ मिनिटं ४३.८ सेकंद लागले. विसाव्या फेरीत क्लच गेला आणि विषय संपला. मला या गोष्टीत वॉर्ड हरला याचं हसू येत नाही. मिजेट कशासाठी बनली आहे ते याहून स्पष्ट कोणी दाखवलेलं नाही.

ती बनली आहे वेग न सोडण्यासाठी. ताकद कमी असल्याने एकदा वेग पडला की परत यायला वेळ लागतो, म्हणून चालक पाय उचलायला बघत नाही. आखूड असल्याने ती भोवऱ्यासारखी वळते आणि तशीच, डोळ्याचं पातं लवायच्या आत, उलटतेही. थोरलीत उलट अडचण: ताकद उतू चाललेली. तिथे स्टिअरिंगपेक्षा अ‍ॅक्सिलरेटरने वळण घेतात, मागचं टोक किती बाहेर फेकायचं ते उजवा पाय ठरवतो. एकीत तरबेज झालेला माणूस दुसरीत पहिल्या रात्री बावळट दिसू शकतो. तरी खरे मोठे ते दोन्हीकडचे: ए. जे. फॉइट, मारिओ आंद्रेती, आणि आजच्या पिढीत चिली बोल आणि नॉक्सव्हिल नॅशनल्स दोन्ही जिंकलेला काइल लार्सन.

धाकटीलाच चिकटून राहिलेला माणूस म्हणजे मेल केनियन. १९६५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लँगहॉर्नच्या धावपट्टीवर आगीत भाजून त्याच्या डाव्या हाताची बोटं गेली. घरच्यांनी त्याच्यासाठी एक हातमोजा बनवला, त्याला तळव्याशी खाच. ती स्टिअरिंगवरच्या खुंटीत अडकायची. त्या मोज्याने तो पुढे दशकानुदशकं धावला. मिजेटची राष्ट्रीय विजेतेपदं त्याने सात मिळवली, पहिलं १९६४ चं, शेवटचं १९८५ चं.

थोरलीची किंमत अशी एकेका हातावर भागली नाही. फक्त १९६६ घ्या: जूनमध्ये रेडिंगला एकाच अपघातात जड लार्सन आणि रेड रिगल हे दोन चालक गेले, नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅस्कॉटला एकाच अपघातात डॉन ब्रॅन्सन आणि डिक अ‍ॅटकिन्स. चालकाच्या डोक्याभोवती लोखंडी पिंजरा सर्रास दिसायला लागला तो त्यानंतर. तेव्हा फोटोत पिंजरा नसेल तर गाडी जुनी एवढंच समजायचं, कुठली ते नाही. डोक्यावर आडवा मोठा पंख असेल तर बहुधा स्प्रिंट. पण पंखाशिवायच्या स्प्रिंट कारच्या शर्यती आजही जोरात होतात, म्हणून उलटा निष्कर्ष काढू नका.

काही गोष्टींवरून तर मुळीच ओळखू नका. स्टार्टर दोघींना नाही. गिअर अडकवून मागून ट्रकने ढकलायचं, आपल्या धक्कास्टार्टसारखं. मिथेनॉल दोघी पितात. टेड हॅलिब्रँड या कारागिराचे मॅग्नेशियमचे भाग दोघींना. आणि तो वास, जुन्या रेसिंग गाडीजवळ उभं राहिल्यावर येणारा गोडसर, जळका वास, तोही दोघींचा. ते एरंडेल आहे. रेसिंगच्या जुन्या ऑइलमध्ये एरंडेल असायचं. कॅस्ट्रॉल हे नावच त्याच्या इंग्रजी नावावरून पडलंय. लहानपणी नाक दाबून पाजलेलं ते तेल कोणी हौसेने हुंगत उभं राहील असं वाटलं नव्हतं.

आणखी एक तिसरी बहीण आहे, मैलभराच्या मातीसाठीची, स्प्रिंटहूनही लांब. आज तिला सिल्व्हर क्राउन म्हणतात. शिवाय डॉन एडमंड्ससारखे बांधणारे एकाच छपराखाली मिजेटही करायचे आणि स्प्रिंटही, आणि साहजिकच दोघींचे नाक-डोळे सारखे निघायचे. तेव्हा प्रत्यक्ष गाडी समोर असेल तर अंदाज बांधत बसण्यापेक्षा सरळ खाली वाकावं, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप धरावा, आणि ७६ च्या अलीकडे येतोय की ८४ च्या पलीकडे ते बघावं.