कावडीवरच्या चुलीपासून हॉकर सेंटरपर्यंत

सिंगापूरला निघालेल्या मराठी कुटुंबाच्या यादीत आता मरिना बेच्या जोडीने हॉकर सेंटर, म्हणजे फेरीवाल्यांच्या खाण्याच्या गाळ्यांचं केंद्र, हमखास असतं. मॅक्सवेलला चिकन राइस, लाव पा सातला साते (काडीला टोचून निखाऱ्यावर भाजलेलं मांस), लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरला प्राटा, हे बेत विमानात बसायच्या आधीच ठरलेले असतात. वर छप्पर, चारी बाजू मोकळ्या, गरगरणारे पंखे, जमिनीला पक्की बसवलेली टेबलं आणि कडेने ओळीने छोटे छोटे गाळे. बहुतेक गाळ्यांवर एखाददुसराच पदार्थ मिळतो, आणि तोच वर्षानुवर्षं. सगळे याला 'स्ट्रीट फूड' म्हणतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मनात आलं, यात रस्ता कुठे आहे? रस्ता होता. तो छपराखाली आणायला तिथल्या सरकारला दीड दशक खपावं लागलं.

१८१९ मध्ये इंग्रजांनी सिंगापुरात ठाणं मांडलं आणि बंदर वाढू लागलं. हमाली करायला चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरून, तमिळ मुलखातून, जावा-मलायातून माणसं आली. त्यात एकट्या पुरुषांचा भरणा मोठा. एकेका खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या या लोकांना चूल मांडायला जागाही नव्हती आणि कामावरून आल्यावर त्राणही नसायचं. आपल्या गिरणगावात अशाच एकट्या कामगारांसाठी खाणावळी निघाल्या. सिंगापुरात खाणावळ खांद्यावरून दारात यायची. कावडीच्या एका टोकाला पेटती शेगडी आणि हंडी, दुसऱ्या टोकाला वाडगे, नूडल्स, पालेभाजी. नूडल्सवाल्याचा पोऱ्या बांबूच्या पट्ट्या एकमेकींवर आपटत गल्लीतून पुढे जायचा. त्या 'टॉक टॉक' आवाजावरून त्या नूडल्सचं नावच 'टॉक टॉक मी' पडलं. 'मी' म्हणजे नूडल्स.

आज जे पदार्थ खायला जगभरातून लोक येतात, ते बहुतेक याच गरजेतून आले. स्वस्त हवं, पोटभर हवं, उभ्या-उभ्या खाता यावं आणि शेजारच्या खोलीतल्या वेगळ्या मुलखाच्या माणसालाही आवडावं. तमिळ मुसलमानांचा पराठा इथे प्राटा झाला आणि वाटीभर डाळीसोबत किंवा माशाच्या कालवणासोबत मिळू लागला. माशाचं डोकं हा चिनी गिऱ्हाइकांच्या आवडीचा भाग. एका मल्याळी आचाऱ्याने ते आपल्याकडच्या आंबट-तिखट रश्श्यात घातलं आणि फिश हेड करी तयार झाली. ही करी केरळात शोधायला जाल तर या रूपात सापडणार नाही. ती सिंगापूरची आहे.

चिकन राइसपाशी मात्र जरा थांबायला हवं. चीनच्या दक्षिणेकडच्या हैनान बेटावरचे लोक सिंगापुरात उशिरा पोचले. तोवर व्यापारातल्या बऱ्या जागा आधी आलेल्या समाजांनी धरल्या होत्या. त्यामुळे हैनानी माणूस इंग्रजांच्या बंगल्यावर, हॉटेलात आणि जहाजावर आचारी म्हणून राबला. पुढे यातल्याच काहींनी आपल्या गावची साधी उकडलेली कोंबडी आणि भात विकायला काढला. अख्खी कोंबडी खळखळत्या पाण्यात शिजवत नाहीत. पाणी उकळीच्या जरा खालीच ठेवतात आणि शिजली की ती बर्फाच्या पाण्यात सोडतात. त्याने मांस मऊ राहतं आणि कातडीखाली पातळ लिबलिबीत थर धरतो. तांदूळ कोंबडीच्याच चरबीत आलं-लसणावर परततात आणि त्याच पाण्यात रंपेची पानं टाकून शिजवतात. रंपे म्हणजे तिकडचं पांडन. आपल्याकडच्या बिर्याणीत आणि साध्या भातातही हे पान पडतं, त्यामुळे पहिल्या घासालाच वास ओळखीचा लागतो. सोबत मिरचीची चटणी, वाटलेलं आलं, दाट काळा सोया सॉस. एका कोंबडीतलं काहीही वाया न घालवणारा हा पदार्थ आहे, आणि गरिबीत स्वयंपाक शिकलेल्या माणसाचा हात त्यात दिसतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर बेकारी वाढली. थोड्या भांडवलावर पोट भरायचा मार्ग म्हणजे गाडी लावणं, त्यामुळे रस्ते गाड्यांनी भरले. नळ नव्हते. एकाच बादलीत दिवसभर वाडगे विसळायचे आणि उरलंसुरलं गटारात जायचं. पटकी आणि विषमज्वराच्या साथींचं खापर फेरीवाल्यांवर फुटायचं, आणि त्यात तथ्यही होतं. धाडी पडायच्या, माल जप्त व्हायचा, दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा तिथेच. १९५० मध्ये इंग्रज सरकारने चौकशी आयोग नेमला, पण रस्त्यावर फारसा फरक पडला नाही.

हे चित्र आपल्याला नवीन नाही. अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की शेगडी उचलून पळायचं आणि ती गेली की परत मांडायचं, हे मुंबईच्या कुठल्याही स्टेशनाबाहेर दिसतं. भारतात २०१४ मध्ये पथविक्रेत्यांसाठी कायदा झाला. सर्वेक्षण करावं, प्रमाणपत्र द्यावं, जागा आखून द्याव्यात, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. सिंगापुरात नेमकं हेच काम अर्ध्या शतकाआधी झालं.

१९६५ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि १९६८-६९ मध्ये बेटभर फेरीवाल्यांची नोंदणी झाली. सुमारे १८ हजार जणांना तात्पुरते परवाने मिळाले. आधी त्यांना मुख्य रस्त्यांवरून मागच्या गल्ल्यांत आणि मोकळ्या जागांत हलवलं. १९७१ पासून पक्की केंद्रं बांधायला घेतली. त्यांत नळ, वीज, सांडपाण्याची गटारं आणि कचऱ्याची सोय होती. नव्या सरकारी वसाहती उभ्या राहत होत्या, त्यांच्याच पोटात मंडई आणि खाण्याचे गाळे बसवले. १९७७ मध्ये सिंगापूर नदी साफ करायची मोहीम निघाली आणि काठावरच्या गाड्याही केंद्रांत गेल्या. १९८६ पर्यंत रस्त्यावरचे फेरीवाले बहुतेक सगळे गाळ्यांत आलेले होते.

मला यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती गाळ्याच्या भाड्याची. रस्त्यावरून आणलेल्या पहिल्या पिढीला गाळे सवलतीच्या भाड्यात दिले, म्हणून ताटाची किंमत कामगाराच्या खिशाला परवडणारी राहिली. बाजारभावाने भाडं लावलं असतं तर नळ आले असते आणि खाणारे गेले असते. अर्थात या स्थलांतरात काही हरवलंही. जुनं गिऱ्हाईक तुटलं, कित्येकांना नव्या जागेत जम बसवता आला नाही. समुद्राकाठी रात्री कोळशाच्या धुरात भरणारा 'साते क्लब' १९९५ मध्ये बंद झाला. ज्यांनी तो पाहिला ते लोक त्याच्याबद्दल अजून हळवे होऊन बोलतात. तरीही निर्णय योग्यच होता असं मी म्हणेन, कारण माणसांना हुसकावून मोकळं होण्याचा सोपा रस्ता सरकारने घेतला नाही.

परदेशी पाहुणे या गाळ्यांपर्यंत बऱ्याच उशिरा पोचले. फ्रान्समध्ये १९०० साली मिशलिन या टायर कंपनीने मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शिका काढली. लोकांनी गाड्या फिरवाव्यात, टायर झिजावेत, हा हेतू. तिच्यात उपाहारगृहांना तारे देणं १९२६ मध्ये सुरू झालं आणि खाण्यासाठी वाट वाकडी करावी, ही कल्पना रुजली. नव्वद वर्षांनी, २०१६ मध्ये, सिंगापूरच्या पहिल्या आवृत्तीत तारा मिळालेल्यांत दोन हॉकर गाळे होते. त्यातला एक चायनाटाउनमधला, सोया सॉसमधल्या कोंबडीचा. तिथे दोन-अडीच सिंगापूर डॉलरमध्ये पोट भरायचं. रातोरात रांगा लागल्या. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

मान मिळाला, पण गाळा चालवणाऱ्याचं सरासरी वय आता साठीच्या आसपास आहे. पहाटे उठून रस्सा चढवायचा, दिवसभर चुलीसमोर उभं राहायचं, आणि ताटाचा भाव वाढवला की गिऱ्हाईक कुरकुरतं. मुलं शिकली, कचेरीत गेली, आणि आईबापांनाही तेच हवं होतं. एका सेंटरमध्ये मी सकाळी अकराला नूडल्सच्या रांगेत उभा होतो. आत सत्तरीच्या बाई. उकळत्या पाण्यात जाळीचा झारा बुडवायचा, झटकायचा, गार पाण्यात एक फेरी, परत उकळत्यात, परत झटका, मग वाडग्यात. नजर वर न करता त्या हे करत होत्या. माझ्यापुढच्या माणसाने तोंड न उघडता दोन बोटं दाखवली आणि त्यांनी दोन वाडगे मांडले, एकात मिरची, एकात नाही. रोजचा असावा. साडेबाराला मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा शटर अर्धं खाली आलं होतं आणि बाई वाकून ओटा घासत होत्या.