पोपटमासा प्रवाळांचा वैरी आहे का?

कॅरिबियन समुद्रातील बोनेर बेटाभोवती पाण्यात उतरले की पोपटमाशाच्या चोचीचा करकर आवाज स्पष्ट ऐकू येतो आणि खडकावर पांढरे ओरखडे दिसतात; त्यावरून हा मासा प्रवाळभित्ती फस्त करतो, असा समज वर्षानुवर्षे पसरला आहे. तो बव्हंशी चुकीचा आहे.

काही जाती जिवंत प्रवाळाचाही लचका तोडतात, हे खरे. पण या माशाचा मुख्य चारा म्हणजे मृत प्रवाळावर वाढणारे शेवाळ आणि त्यातले सूक्ष्मजीव. त्यासोबत पोटात गेलेला चुनखडीचा चुरा घशातल्या दाढांनी दळला जातो आणि विष्ठेतून बारीक वाळू होऊन बाहेर पडतो. पर्यटक ज्या शुभ्र किनाऱ्याचे कौतुक करतात, त्यातल्या वाळूचा काही भाग असा तयार झालेला असतो. (हे ऐकून टॉवेल अंथरायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.)

खरा धोका शेवाळाचा आहे, कारण ते माजले की प्रवाळाच्या पिलांना खडकावर जागाच उरत नाही. १९८३ साली पनामाजवळ सुरू झालेल्या साथीत शेवाळ खाणारे काळे, लांब काट्यांचे सी अर्चिन कॅरिबियनभर जवळजवळ नामशेष झाले, तेव्हा चराईचा भार मुख्यतः पोपटमाशांवर येऊन पडला. म्हणूनच १९७९ पासून सागरी उद्यान असलेल्या बोनेरने २०१० मध्ये पोपटमाशाच्या मासेमारीवर बंदी घातली. अर्थात, तापलेल्या पाण्यामुळे होणारे प्रवाळांचे विरंजन (रंग उडून पांढरे पडणे) हा मासा रोखू शकत नाही.