ऑटिस्टिक टीनएजर्स आणि सोशल स्किल्स: हे सगळं इथवर कसं आलं

ऑटिझम (म्हणजे इतरांशी बोलणं-मिसळणं जन्मापासूनच वेगळ्या पद्धतीचं असणं) म्हटलं की अजूनही डोळ्यासमोर तीन-चार वर्षांचं मूल येतं, पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी येत नाही. सुरुवातच तशी झाली ना. 1943 साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या मानसोपचारतज्ज्ञाने ऑटिझमवर जो पेपर लिहिला त्यात 11 लहान मुलं होती, आणि त्यानंतर बरीच वर्षं आई मायेने वागत नाही म्हणून मूल असं होतं असं सांगून आयांनाच दोषी धरलं गेलं. 1964 मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचा बाप होता, पुस्तक लिहून ते खोडून काढलं.

मग बक्षीस-शिक्षा वापरून मुलांचं वागणं बदलू पाहणाऱ्या इवार लोवास या मानसशास्त्रज्ञाचा काळ आला. बरोबर केलं की खाऊ, चुकलं की शिक्षा, सुरुवातीच्या प्रयोगांत तर विजेचे झटकेसुद्धा, वाचताना आजही संताप येतो. मूल चारचौघांसारखं दिसलं पाहिजे, एवढाच हट्ट.

मोठ्या मुलांकडे लक्ष गेलं ते खूप उशिरा. 1984 मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या गॅरी मेसिबोव्हने टीनएजर्स आणि मोठ्यांसाठीच्या ग्रुप ट्रेनिंगबद्दल लिहिलं, 1991 च्या सुमारास कॅरल ग्रेच्या सोशल स्टोरीज, म्हणजे एखाद्या प्रसंगात काय होतं ते समजावणाऱ्या छोट्या गोष्टी, आल्या, आणि 1994 मध्ये अ‍ॅस्पर्गर (बोलणं आणि बुद्धी ठीक, पण इतरांशी जमवून घेणं अवघड) हे निदान मानसिक आजारांच्या अमेरिकन मॅन्युअलमध्ये आल्यावर अभ्यासात ठीक पण मधल्या सुट्टीत एकटी बसणारी मुलं एकदाची दिसायला लागली.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते 'पीअर्स', म्हणजे टीनएजर्सना मैत्री करायला आणि टिकवायला शिकवणारा कोर्स. यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात एलिझाबेथ लॉजसन आणि फ्रेड फ्रँकल यांनी तो तयार केला, 2009 मध्ये 33 मुलांवरचा पहिला अभ्यास आला. कोर्स काही आठवड्यांचा, आणि मुलांचा क्लास चालू असताना पालकांचाही वेगळा क्लास. यात मोठ्यांना काय योग्य वाटतं ते न शिकवता मुलं खरंच काय करतात ते शिकवतात. म्हणजे बघा, गप्पा मारणाऱ्या ग्रुपमध्ये शिरायचं असेल तर मोठी माणसं सांगतात जा, हॅलो म्हण, नाव सांग, पण असं कुठला टीनएजर करतो? तो जवळ जाऊन आधी ऐकतो, विषय काय चाललाय ते बघतो, जरा गॅप मिळाली की त्याच विषयावर काहीतरी बोलतो आणि घेतलं नाही तर गपचूप निघून येतो. चिडवणाऱ्याकडे दुर्लक्ष कर हा सल्लाही इथे बाद, त्याऐवजी 'बरं मग?' असं छोटंसं उत्तर.

पण शिकायचं सगळं ऑटिस्टिक मुलानेच का? 2012 मध्ये डेमियन मिल्टन या ब्रिटिश संशोधकाने, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, हेच मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. 2020 मध्ये कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांना अभ्यासात दिसलं की ऑटिस्टिक माणसं एकमेकांना माहिती अगदी व्यवस्थित पोचवतात, गडबड होते ती ऑटिस्टिक आणि बाकीच्या माणसांच्या मिश्र ग्रुपमध्ये. शिवाय दिवसभर नॉर्मल असल्यासारखं वागण्याने, म्हणजे मास्किंगने, माणूस किती थकतो आणि मनाने किती खचतो हेही आता ऑटिस्टिक लोक स्वतः सांगतायत. म्हणून आता काही कार्यक्रमांत वर्गातल्या बाकीच्या मुलांनाही सोबत घेतात, आणि माझ्या मते ही सुरुवात 40 वर्षं आधीच व्हायला हवी होती.