हँगओव्हर वेगळा, दारू तुटल्यावरचा त्रास वेगळा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसलेला आणि रोज सकाळी हात थरथरायलेत म्हणून चहाच्या आधी क्वार्टर लावणारा, आपल्या बीड-परभणीकडं दोघांनाही सल्ला एकच, "थोडा उतारा घे, बरं वाटंल." आणि दोघांनाही बरं वाटतं, घोळ तिथंच आहे.

हँगओव्हर म्हंजे जास्त ढोसल्याचा त्रास. लघवीवाटं पाणी जातं, झोप मोडते, लिव्हरमधी दारूपासून ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी रसायन बनतं, पोट खवळतं. पाणी, आराम, बहुतेक जण दिवसभरात ताळ्यावर येतात. उतारा घेतला तर तेच दुखणं पुढं ढकललं जातं, बस.

विथड्रॉल, म्हंजे दारू तुटल्यावरचा त्रास, होतो तो दारू न मिळाल्यानं, अन् रोज भरपूर पिणाऱ्याला. मेंदूत गाबा नावाचं रसायन शांत करतं आणि ग्लुटामेट चेतवतं. दारू गाबाचा जोर वाढवते, ग्लुटामेटला दाबते. असं वर्षानुवर्षं चाललं की मेंदू तोल सांभाळायला गाबाला दाद देणं कमी करतो आणि ग्लुटामेटचे रिसेप्टर, म्हंजे त्याचा निरोप झेलणाऱ्या जागा, वाढवून ठेवतो. बाहेरून कोणी दार रेटतंय म्हणून आतून सगळा जोर लावावा आणि बाहेरच्यानं अचानक अंग काढून घ्यावं, आतला तोंडावर आपटणारच ना! ६ ते २४ तासांत थरथर, घाम, धडधड सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि काहींना साधारण तिसऱ्या दिवशी भिंतीवर किडे दिसायला लागतात, नसलेल्या माणसांशी बोलणं, ताप, बीपी वर. मग घरचे "बाहेरचं लागलंय" म्हणत देवऋषाकडं पळतात, इकडं जीव जायची वेळ आलेली असते.

म्हणूनच "खोलीत कोंडा, चार दिवसांत सुटंल" हे मला लई डेंजर वाटतं. दवाखान्यात लोराझेपामसारख्या गोळ्या देऊन डोस हळूहळू उतरवतात, सोबत बी-१ व्हिटॅमिन देतात. कुठं जायचं कळत नसंल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची टोल फ्री लाईन आहे. आणि पाय मोडून ॲडमिट झालेला माणूस रोज पिणारा असंल तर शेवटची कधी घेतली ते डॉक्टरला पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर तिसऱ्या दिवशी तो वॉर्डात बरळायला लागतो आणि आपण भुलीच्या इंजेक्शनला शिव्या देत बसतो.