गणितातील गती

संख्या, आकार आणि त्यांच्यातील संबंध यांविषयी सिद्ध करता येतील अशी विधाने शोधणारे शास्त्र म्हणजे गणित. असे संबंध हेरून ते खरे का आहेत, याच्या मुळाशी जाता येणे म्हणजे गणितातील गती. आपल्याकडे ती बहुधा तोंडी हिशेबावरून जोखतात. पावकी, निमकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ असलेला सोलापूरच्या चाटी गल्लीतला कापडव्यापारी कागदाशिवाय रक्कम सांगेल. हे कसब मोलाचे, पण ते आकडेमोडीचे आहे.

सोलापुरी चादरीची नक्षी पारंपरिक पद्धतीत आधी चौकटीच्या कागदावर उतरवतात. त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडतात आणि कोणते उभे धागे उचलायचे ते जकार्ड मागाला त्या भोकांवरून कळते. तसल्या कागदावर एक चौकोन रंगवावा. उजवीकडून व खालून कड लावत आणखी ३ रंगवावेत, मग ५, मग ७. दर वेळी पुरा चौरस होतो: १, ४, ९, १६. एखादी मुलगी बेरजा पडताळून थांबत नाही, हे कायम असेच होईल कशावरून, असे विचारते; तिथे गणित सुरू होते. ४ बाय ४ च्या चौरसाला उजवीकडे ४, खाली ४ आणि कोपऱ्यात १ लागतो. कोणत्याही चौरसाला बाजूची दुप्पट अधिक १, म्हणजे पुढची विषम संख्याच लागणार!

नुसती पडताळणी दगा देते. एखाद्या संख्येचा वर्ग, ती संख्या आणि ४१ यांची बेरीज ० पासून ३९ पर्यंत दर वेळी मूळ संख्या येते; ४० ला मात्र १६८१, म्हणजे ४१ गुणिले ४१.

म्हणून वेग ही गतीची खूण नव्हे. अडल्यावर प्रश्न न सोडणे, लहान उदाहरणे करून पाहणे, स्वतःचेच उत्तर खोटे पाडू पाहणे या सवयी अधिक कामाच्या, आणि त्या लावता येतात. परीक्षेच्या घाईत नेमका त्यांनाच वेळ मिळत नाही, हे मोठे नुकसान आहे.

देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये साध्या वजाबाकीतून ६१७४ ही संख्या शोधली. ३५२४ चे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी केली की ३०८७ येते, पुढे ८३५२, मग ६१७४. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोहोचते.