जाड पाइप टाकला की प्रेशर वाढतं? नाही हो

साइटवर कुणी ना कुणी फ्लॅटवाला येऊन सांगतोच, "वरच्या मजल्यावर शॉवरला पाणी बारीक येतंय, अर्ध्या इंचीच्या जागी एक इंची टाका." आणि प्लंबरही मान डोलावतो, बिल वाढतं ना. अहो पण प्रेशर येतं ते टाकीतलं पाणी नळापासून किती वर आहे त्यावरून, साधारण 10 मीटरला 1 बार (बार म्हणजे प्रेशर मोजायचं एकक), पाइप कितीही जाड असो. टाकी शॉवरच्या 3 मीटर वर असेल तर मिळणार जेमतेम 0.3 बार, म्हणूनच तळमजल्यावर बादली धो धो भरते नि वर नुसती धार. जाड पाइपने घर्षण कमी होतं, म्हणजे दोन-तीन नळ एकदम उघडले तरी धार फार कमी होत नाही, तेवढाच फायदा (तोही लाइन मुळात बारीक असेल तर). सगळे नळ बंद करून प्रेशर मोजायचं गेज लावून बघा, काटा दोन्ही पाइपला तिथेच.

वरच्या मजल्याला प्रेशर पंप, नाहीतर टाकी उंच स्टँडवर, पण 1000 लिटर म्हणजे 1 टन वजन, ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून स्लॅब ओतायच्या आधीच ठरवायचं.