कीझरमध्ये फेस येतो म्हणून टेंपरेचर अजून खाली घेऊ नका

अमेरिकेत घरी बीअर करणारे लोक चेस्ट फ्रीझरमध्ये केग (बीअरची पिंपं) ठेवतात आणि झाकणाखाली लाकडी कॉलर म्हणजे चौकट चढवून तिच्यावर नळ बसवतात, त्याला कीझर म्हणतात, आणि त्याबद्दल एक गैरसमज वर्षानुवर्षं फिरतोय की ग्लासात फेस जास्त आला म्हणजे बीअर पुरेशी गार नाही, कंट्रोलर (फ्रीझरचं टेंपरेचर ठरवणारं यंत्र) अजून दोन डिग्री खाली घ्या. असं करू नका प्लीज! प्रेशर तेच ठेवून बीअर आणखी गार केली तर तिच्यात कार्बन डायऑक्साइड उलट जास्त विरघळतो, म्हणजे काही दिवसांनी फेस वाढतोच, आणि उणे २-३ डिग्रीच्या आसपास तर नेहमीची बीअर गोठायलाच लागते.

खरी भानगड वरच्या बाजूला असते. गार हवा तळाशी बसते, केग मस्त ४ डिग्रीला, पण कॉलरमधली पाइप आणि नळ बरेच गरम, तिथे पोचल्यावर गॅस सुटतो. खूण सोपी आहे, पहिला ग्लास फेसाळ आणि लगेच भरलेला दुसरा व्यवस्थित. यावर कॉम्प्युटरमधला छोटा १२ व्होल्टचा फॅन तळाशी, हवा वर ढकलेल असा लावा, बहुतेक वेळा तेवढंच पुरतं.

आणि प्रोब (कंट्रोलरचा टेंपरेचर मोजणारा सेन्सर) हवेत लटकवू नका हो, झाकण उघडलं की कंप्रेसर चालू, लगेच बंद, परत चालू, त्यात बिचारा मरतो. प्रोब केगला टेपने चिकटवा, वरून फोमचा तुकडा, कंट्रोलरवर फरक (टेंपरेचर किती वाढल्यावर फ्रीझर परत चालू व्हायचा ते) १ डिग्री आणि कंप्रेसर डिले (बंद झाल्यावर परत चालू होण्याआधी थांबायचा वेळ) निदान ५ मिनिटं ठेवा.